दाराबाहेरचे दहा जोडे

लग्न होऊन बडोद्यात आले त्याला आठ महिने झाले. नव्या सुनेनं फार बोलू नये म्हणून तोंड मिटलं, तर सगळं काम कानांवर येऊन पडलं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. फतेगंजातल्या आमच्या घरी दर शनिवारी तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, त्या त्या आठवड्याचा पाठ होतो. पुरुष बाहेरच्या खोलीत, मी आतल्या दाराआड. त्यातल्या मोशे प्रेषिताचं चरित्र अजून पुरतं कळलेलं नाही, पण बाहेरच्यांची चरित्रं भरपूर साठली आहेत.

*

दहा पुरुष जमल्याशिवाय पाठ सुरू करायचा नाही, असा नियम. आणि माणसं मोजायची नाहीत, असाही नियम. म्हणून मामंजी दाराबाहेरचे जोडे मोजतात. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दहा भरले की हुकूम सुटतो, "चला, सुरू करा."

कितीतरी वर्षांत एकही शनिवार चुकलेला नाही.

"सरकारस्वारी विलायतेला गेली तरी राज्य चालतं," मामंजी म्हणतात. "मी नसलो तर हा पाठ चालेल का?"

आतून सासूबाई म्हणतात, "तुम्ही आपले जोडे मोजा."

*

एकदा अर्धा पाठ झाल्यावर मामंजींची नजर खोलीच्या मध्यभागी गेली. तिथे शेजारचे मणिभाई मांडी घालून, मान डोलवत बसलेले.

"मणिभाई, तुम्ही इथे?"

"साहेब, हुं तो वाटकी आपवा आव्यो'तो. वाटकी द्यायला आलो, तुम्ही बसा म्हणालात."

जोडे दहा भरले होते खरे, त्यात मणिभाईंची मोजडी होती. रेल्वेतले गार्ड एझ्राकाका अजून स्टेशनातून निघायचे होते. ते आल्यावर पाठ पहिल्यापासून झाला. मणिभाई दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत बसले. म्हणाले, "पहिल्यापेक्षा हे सरस झालं."

*

'सगळेच पवित्र, मग पुढारी तूच का?' म्हणत कोरहानं मोशेविरुद्ध बंड केलं, त्या पाठाचा आठवडा. एझ्राकाकांना वाचता वाचताच स्फुरण चढलं. "सगळेच जर पवित्र, तर खुर्चीवर सुभेदारांनीच का बसायचं?"

मामंजी शांतपणे उठले. "या, बसा."

एझ्राकाका बसले आणि खुर्चीसकट आडवे झाले. तिचा मागचा पाय वर्षभर नुसता टेकवून ठेवलेला होता. मामंजी म्हणाले, "पुढारपण म्हणजे तोल सांभाळणं, एझ्रा."

*

सासूबाई दर शुक्रवारी दुपारी मागच्या पडवीत एक तपकिरी बूटजोड पॉलिश करतात. शनिवारी काम चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी. बूट मामंजींना दोन बोटं मोठे होतील असे.

"कुणाचे हो?" मी विचारलं.

"शालोमभावोजींचे." म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ.

"पण ते तर आमच्या लग्नाआधीच वारले ना?"

"ते वारले. बूट काही वारले नाहीत."

पुढे विचारायची सोय नव्हती.

*

आषाढात सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी अहमदाबादला गेल्या. त्या शुक्रवारी संध्याकाळी मामंजी मला दुसऱ्या दिवशीचा भाग समजावत होते. "वाळवंटात लोकांना वाटायचं, पाणी मोशेमुळे मिळतंय. त्याची बहीण मिर्याम मेली आणि विहीरच आटली. पुण्याई तिची होती. लोकांना उशिरा कळतं, सूनबाई."

शनिवारी जोडे नऊ भरले.

"कोण यायचं राहिलंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे आलेले होते. एझ्राकाकासुद्धा.

"मग नऊ कसे?"

"कुणीतरी अनवाणी आलं असेल," एझ्राकाका म्हणाले. मग एकेकानं बाहेर जाऊन आपापला जोडा ओळखून दाखवला. नऊ जण, नऊ जोडे. माणसं मोजायची नसल्यामुळे यापुढे काय करायचं, ते कुणालाच सुचेना. मामंजी मिटल्या पुस्तकावर हात ठेवून बसून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शनिवार बुडणार होता.

मी मागच्या पडवीत गेले, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आले, आणि तशीच परत आतल्या दाराआड येऊन बसले.

"पुन्हा बघतो," म्हणत मामंजी उठले. बाहेर बराच वेळ उभे होते. "दहा. चला, सुरू करा."

पाठ झाला, मंडळी गेली. मामंजी आतल्या दाराशी आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, ते बूट शुक्रवारीच पॉलिश करून ठेवत जा. आणि दाराबाहेर असे जोडीनं लावू नका. शालोम डावा बूट नेहमी लांब भिरकावायचा. तुमच्या सासूबाई तसाच ठेवतात."