एक तरी खराब डिस्क

आमचा मामा नोंदणी कार्यालयाच्या तळघरात डिस्क सांभाळतो. म्हणजे गावातले सगळे जन्म, लग्नं आणि मरणं डिस्कवर उतरवून कपाटात ओळीने उभी करतो. डिस्कला ऊन चालत नाही म्हणून खोलीला खिडकी नाही. दमट हवा चालत नाही म्हणून एसी अठरावर, आणि मामा भर उन्हाळ्यात स्वेटरमध्ये. "अगं, यांना मानवतं ते मला मानवायला नको का?" हे तो मामीला नाकातून सांगतो, कारण तेवीस वर्षांत त्याची सर्दी हटलेली नाही.

यंदा सुटकेची वाट दिसली. नवे साहेब म्हणाले, "बघा हं, तुमच्या मनाने दहा जुन्या डिस्क काढा. एक जरी उघडली नाही, तरी खोली बंद, सगळं सर्व्हरवर आणि तुमची बदली." बदली म्हणजे मामाची लेक, आमची ताई, राहते त्या शहरात. दुसरा मजला, खिडकीशेजारची खुर्ची! मामीने त्याच दिवशी कुकर खोक्यात भरला.

"एक खराब डिस्क, बस्स!" मामा शोधायला बसला. आठवडाभर एकेक लावून बघितली. बेट्या सगळ्या घडाघडा उघडल्या. ज्या कुरकुरायच्या, त्यांच्या त्यानेच वेळच्या वेळी नव्या प्रती काढून जुन्या मोडीत घातल्या होत्या. शेवटी त्याने खिशातली किल्ली काढली. एक ओरखडा की काम फत्ते. डिस्क तिरकी धरली, तर वर बोटाचा ठसा! झालं. किल्ली खिशात, फडकं हातात. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. हे तो आम्हाला चष्मा पुसतानाही ऐकवतो.

साहेबांसमोर दहाच्या दहा उघडल्या. "कमाल आहे हो! सर्व्हर तर दर पाच वर्षांनी बदलतोय आपण. राहू द्या ही खोली. आणि तुम्हालाही आता कुठे हलवत नाही."

मामीने दारातच विचारलं, "किती बिघडल्या?"

"एकही नाही."

"मग हसताय काय?"

"हसतोय कुठे?"

"आरशात बघा जरा. आणि ताईला तुम्हीच कळवा, मी नाही."

मामाने फोन लावला. "नाही गं, जमलं नाही... अगं, पण दहाच्या दहा! वीस वर्षांपूर्वीची नऊ सेकंदांत..."

पलीकडे ताईने फोन ठेवला असावा, कारण मामा नुसता "हॅलो? हॅलो?" करत राहिला.