सर्वांत मोठा कॅचर

दोन हजार चारच्या सुमारास मी शिकागोत, डेव्हन रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. रविवारी लाँड्रोमॅटमध्ये एक बेसबॉलवेडा अमेरिकन म्हातारा भेटायचा. कपडे मशीनमध्ये टाकले की झाकणावर बोटं वाजवत तो विचारायचा, "आजवरचा सर्वांत मोठा कॅचर कोण?" उत्तरही तोच द्यायचा. पुढच्या रविवारी पिचर, मग शॉर्टस्टॉप, आणि फिरून पुन्हा कॅचर. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली मान डोलवायचो.

एकदा तो वैतागला. "नुसतं हो हो करू नकोस. भाऊ गेल्यापासून माझं म्हणणं कुणी खोडूनच काढत नाही."

पुढच्या खेपेला मी ऑफिसात विचारून दुसऱ्याच एका जुन्या कॅचरचं नाव पाठ करून गेलो. "तुमचा कॅचर याच्यापुढे काहीच नाही," असं ठोकून दिलं. म्हाताऱ्याने हातातले मोजे तसेच टाकले, शेजारची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि बाह्या सरसावत म्हणाला, "बस. आता पटवून दे."

अमेरिकेत येऊन मला वर्ष होत आलं होतं. बस, असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.