ओळीच्या शेवटी डावा हात

खटखटे हे त्यांचं आडनाव नव्हे. कोर्टातल्या वकिलांनी ठेवलेलं नाव ते, आणि वकिलांनी ठेवलेलं नाव आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा घट्ट चिकटतं. सगळी हयात त्यांनी टाइपरायटरपुढे घालवली. निकालपत्राखाली चार कार्बन घालायचे आणि शेवटची प्रतसुद्धा चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे, असा साहेबांचा हुकूम. त्यामुळे खटखटे अक्षर दाबत नसत, ठोकत. त्यांच्या पूर्णविरामानं कागदाला भोक पडतं असं लोक म्हणत आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती. उजेडाकडे धरलं तर कुठल्याही निकालपत्रातून चांदणं दिसे.

पुढे कोर्टात कॉम्प्युटर आले, मशीन अडगळीत गेलं आणि त्याच्या पाठोपाठ खटखटे घरी आले. बोटं मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, न्हाव्याच्या खुर्चीच्या हातावर त्यांची टकटक चालूच. बायको वैतागून म्हणे, "अहो, टेबलाचा जबाब किती वेळ घेताय? ते कबूल झालं केव्हाच."

खरं तर घरात पट्ट्यांचं एक यंत्र होतंच. मुलगी लहान असताना तिच्यासाठी एक जुना पियानो घेतला होता. पण गेली कित्येक वर्षं त्याच्या झाकणावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात, आणि त्याला कारण होत्या मागच्या गल्लीतल्या बाई.

या बाईंना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत. गल्लीत इतर बायका नव्हत्या असं नाही, पण त्या कोणाच्या तरी काकू, मामी, वहिनी होत्या. बाई एवढ्या एकच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्या मुलांना पियानो शिकवत. उंच, काटकुळ्या, आणि आवाज असा की त्यांनी "या, बसा" म्हटलं तरी माणसाला आपलं काय चुकलं ते आठवावंसं वाटे. त्यांनी खटखट्यांच्या मुलीला होडीची धून शिकवायला घेतली होती. धून साधी. डाव्या हातात लाटा, उजव्या हातात होडी. मुलीची होडी काही केल्या तरंगेना. शेवटी वार्षिक संमेलनाच्या तालमीत, सगळ्या मुलांसमोर आणि मुलांच्या आयांसमोर, बाई म्हणाल्या, "थांब. तुझे हात बापावर गेलेत. हे हात कोर्टात पाठव, माझ्या पियानोवर नको."

मुलगी घरी आली, तिनं झाकण लावलं आणि परत कधी उघडलं नाही. आता ती दूरच्या शहरात लोकांचे डोळे तपासून चष्मे देते, सुखात आहे. पण माहेरी आली की पियानोजवळची खुर्ची सोडून पलीकडे बसते. खटखट्यांनी हे मनात टिपून ठेवलेलं. त्या वेळी ते भांडायला गेले नाहीत, कारण तोंडी भांडणाला पुरावा राहत नाही अशी त्यांची नोकरीतली समजूत. त्यांनी एकच केलं. बाई समोरून दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. इतकी वर्षं ओलांडून ओलांडून त्यांची दोन्ही बाजूंच्या दुकानदारांशी दोस्ती झाली होती.

माणूस निवृत्त झाला की त्याला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की जुनी भांडणं आठवतात. एका सकाळी दाढी करता करता खटखटे बायकोला म्हणाले, "मी पियानो शिकणार आहे. त्या बाईकडेच. होडीची धून तिच्याच संमेलनात वाजवणार, सगळ्यांसमोर, पोरीला पुढे बसवून. मग बघतो ती आपला शब्द कसा गिळते ते."

"आणि नाही जमलं तर?"

खटखट्यांचा वस्तरा हनुवटीवर थांबला. "तर मग ती खरी ठरली. पोरीसमोर, दुसऱ्यांदा."

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी खटखट्यांच्या पाठीमागे पाहिलं. "कोणाला सोडायला आलात?"

"मलाच."

बाईंची नजर चेहऱ्यावरून हातांवर उतरली आणि तिथेच थांबली. "कोर्टातले."

"हो."

"मुलगी वाजवते?"

"नाही."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा. मंगळवारी या वेळेला यायचं. उशीर झाला तर जिन्यातूनच परत जायचं."

नाही म्हणता आलं असतं त्यांना. पण भांडण चालून दारात आलं असताना त्याला परत पाठवणं हे बाईंच्या स्वभावात नव्हतं.

शिकवणी कसली, दर मंगळवारची चकमक होती ती. हाताखाली लिंबू धरल्यासारखा तळवा गोल हवा, असं बाई सांगत. नुसतं सांगून भागेना तेव्हा त्यांनी खरंच एक लिंबू आणून खटखट्यांच्या तळव्याखाली ठेवलं. खटखट्यांनी पहिला सूर ठोकला आणि लिंबाचा रस पट्ट्यांवर आला.

"खाली कार्बन नाहीये," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"मग कोणासाठी ठोकताय? एकच प्रत काढायची आहे. ती मी ऐकतेय, दुर्दैवानं."

पण ठोकण्याचं एक वेळ चाललं असतं. खरं संकट निराळंच होतं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि डावा हात आपोआप वर जाऊन डावीकडची दांडी ढकलायचा, की कागद पुढच्या ओळीवर. जन्मभर हेच केलेलं. आता समोरच्या कागदावर सुरांची एक ओळ संपली की खटखट्यांचा डावा हात पट्ट्या सोडून उसळे आणि हवेत एक सणसणीत रट्टा मारून परत येई. पहिल्यांदा तो गेला तो बाईंच्या चहाच्या कपावर. कप फुटला, चहा बाईंच्या पदरावर.

"हे काय होतं?"

खटखट्यांचे कान लाल झाले. "ओळ बदलली."

बाईंनी कपाचे तुकडे गोळा केले. पदर पिळत म्हणाल्या, "पियानोला ओळ बदलावी लागत नाही. तो जागेवर असतो. तुम्हीही राहा."

हात राहिला नाही. पुढच्या मंगळवारी बाईंचा चष्मा उडाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी खटखटे येऊन पाहतात तर पियानोच्या डाव्या अंगाला, नेमकं हात जातो त्या उंचीवर, स्टुलावर एक निवडुंगाची कुंडी.

"ही कशाला?"

"शोभेला," बाई म्हणाल्या. "वाजवा."

घरी बायको खिडकीशी उजेडात बसून चिमट्यानं काटे काढी. "अहो, नक्की शिकताय काय? पियानो का निवडुंग?"

"ती बाई मुद्दाम करते."

"मग हात नेऊ नका ना तिकडे."

"मी नेत नाही. तो जातो."

घरीही सराव चालू होता. इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले, पलंगावरच्या उशा खुर्चीत गेल्या आणि बायकोला बसायला स्वयंपाकघर तेवढं उरलं. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठीनं जमीन ठोकत. खटखट्यांना आधी वाटलं, ताल देतायत. होडी काही पाण्यात उतरेना. ती रस्त्यावरून खडखडत चालल्यासारखीच वाटे. पण हळूहळू ओळीतले सूर ओळीने येऊ लागले. फक्त ओळीच्या शेवटी तो उनाड हात.

मुलीचा फोन आला. आईनं सगळं सांगितलेलं दिसत होतं. "बाबा, कशाला जाता तिकडे? मी विसरलेय ते केव्हाच."

"विसरलीस तर खुर्ची का सोडतेस?"

पलीकडे तिनं दुकानातल्या कोणाला तरी थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, "संमेलन कधी आहे?"

संमेलन जवळ आलं तसं बाईंनी कोण काय वाजवणार ते मुलांना सांगून टाकलं. खटखट्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच विचारलं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "लोक तिथे ऐकायला येतात. सर्कस बघायला नाही."

खटखटे स्टुलावरून उठले. कोर्टात इतक्या लोकांचे जबाब टाइप केले, पण स्वतःचा असा त्यांनी कधी दिलाच नव्हता. "तुम्ही माझ्या मुलीला सगळ्यांसमोर बोललात. तिचे हात माझ्यावर गेले म्हणालात. त्यात तिचा काय गुन्हा? मला सगळ्यांसमोर वाजवायचंय, तिच्या देखत. त्याच्यासाठीच येतोय मी. तुमच्या लिंबासाठी नाही."

खालच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

"म्हणजे तुम्ही शिकायला येत नाही," बाई म्हणाल्या. "सूड उगवायला येता."

"हो."

"मग नीट उगवा. अर्धवट काम मला चालत नाही."

त्यांनी पेन्सिल घेतली, समोरचा कागद ओढला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, अगदी खाली, एक काळा ठिपका काढला. मग निवडुंगाची कुंडी उचलून खिडकीत ठेवली आणि पियानोच्या डाव्या टोकाची एक पट्टी बोटानं दाखवली. खर्जातला सूर, तिथवर मुलांचे हात पोचतही नसत.

"हात जाणारच असेल तर रिकामा कशाला जातो? जाताना ही वाजवून या. एकदाच. आणि हळू."

खटखट्यांनी वाजवून पाहिलं. ओळ संपली, हात उसळला, डावीकडे गेला आणि हवेऐवजी त्या पट्टीवर पडला. होडी धक्क्याला टेकावी तसा आवाज झाला. त्यांनी चमकून बाईंकडे पाहिलं.

"बघताय काय? कीव आली म्हणून नाही केलं. माझ्या पियानोपुढे कोणी हवेत थपडा मारलेल्या मला बघवत नाहीत. आणि आता ठोकलात. हळू म्हटलं होतं."

संमेलन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. मुलगी आली होती. आईनं तिला पुढच्या रांगेत बसवलं. ती हातातली पर्स विनाकारण उघडत-मिटत होती. सगळी मुलं वाजवून झाली आणि शेवटी टक्कल पडलेला एक विद्यार्थी उठून पियानोपाशी गेला, तेव्हा लोकांना आधी वाटलं, पियानो हलवायला आला असेल.

खटखट्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ जड गेली, पण गेली. शेवटी डावा हात उसळला. मुलीनं डोळे मिटले. ती उडी तिच्या ओळखीची होती. लहानपणी बाबांचा डबा घेऊन कोर्टात जायची तेव्हा पाहिलेली. पण हात खर्जावर उतरला, आणि होडी धक्क्याला टेकली. तिनं डोळे उघडले. दुसरी ओळ, पुन्हा धक्का. तिसऱ्या ओळीत एक सूर साफ चुकला, मागे कोणीतरी फिसकन हसलं, खटखटे घामाघूम झाले; पण ओळीच्या शेवटी तो खर्ज वेळेवर आला आणि त्याच्या आधारानं ते चौथीत शिरले. पुढे पुढे तर मुलं त्या उडीची वाट बघू लागली, हात निघाला की माना डावीकडे वळायच्या.

शेवटचा सूर संपला. आणि तेव्हा खटखट्यांच्या हातून व्हायचं ते झालं. काम संपल्यावर जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. समोरचा कागद वरच्या कोपऱ्याला धरून सर्रकन ओढून काढला, उभे राहिले, आणि खाली मान घालून तो बाईंच्या पुढे धरला. सहीसाठी.

हॉल हसला, टाळ्याही पडल्या, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला, केसातली पेन्सिल काढली आणि तिसऱ्या ओळीतल्या एका सुराभोवती गोल काढून कागद परत दिला. "इथे चुकलात."

"बाकीचं?" खटखट्यांनी विचारलं.

"बाकीचं चुकलं असतं तर तिथेही गोल काढला असता."

मग त्या पुढच्या रांगेपाशी आल्या. मुलगी उठून उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

"तुझे हात बापावर गेलेत, असं मी म्हटलं होतं."

"आठवतंय मला."

"माझं मत तेच आहे," बाई म्हणाल्या. "आणि तो काय वाजवतो ते आत्ता ऐकलंस. मग तू का बसून आहेस?"

मुलीनं पर्स मिटली. "मी लांब राहते, बाई."

"बाप मागच्या गल्लीत राहून इतकी वर्षं आला नाही. अंतराचं मला सांगू नकोस." आणि त्या खुर्च्या मोजायला निघून गेल्या.

घरी परतताना खटखटे धुमसत होते. "बघितलंस? शब्द मागे घेतला नाहीच. तोच परत बोलली, तोंडावर. काय उपयोग झाला एवढ्या काट्यांचा?"

बायकोचं लक्ष नव्हतं. ती मुलीकडे बघत होती. मुलगी पुढे चालली होती, आणि चालता चालता तिची बोटं पर्सवर पडत होती.

घरी आल्यावर मुलगी पियानोजवळच्या खुर्चीतल्या उशा उचलून बसली. तिनं होडीची धून आठवून आठवून काढली, अडखळत, आणि अशी दणादण की वरच्या आजोबांची काठी लगेच बोलली. खाली चार कार्बन असावेत तशी ती वाजवत होती.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "हात खरंच बापावर गेलेत हो."

"तूसुद्धा?" खटखटे म्हणाले. ते चिडले होते, पण खुर्ची ओढून मुलीच्या डाव्या बाजूला बसले आणि ओळ संपायची वाट बघू लागले. ओळ संपली तसा त्यांचा हात गेला आणि खर्ज वाजला.

"हळू, बाबा," मुलगी म्हणाली.