सिंधूच्या वाट्याचं इंग्रजी

पाठीची झिप अर्ध्यावर अडकली होती. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर उभे, डोकं निळ्या कापडाच्या आत, आणि कपडे घालून बघायच्या त्या खोक्याएवढ्या खोलीबाहेर सिंधू नोकरी वाचवायला इंग्रजी बोलत होती. "मॅडम, यू लाइक? व्हेरी नाइस ड्रेस, मॅडम!" ती दारावर टकटक करत होती. तिच्या शेजारी तिची शेठाणी उभी होती. 'मी अडकले' हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. मला भोपळा येत होता, वांगं येत होतं, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण येत होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी आतून ओरडले, "पम्पकिन!"

बाहेरची टकटक थांबली.

सिंधू माझी शेजारीण. रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली आहेत. माझा नवरा रेल्वेत होता, तिचा उरला भागातल्या लोखंडाच्या कारखान्यात. दोघी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. ती नवी राहायला आली त्या दिवशी मी चहा घेऊन गेले. तिनं चहाकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही. माझा पदर दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाली, "पॉलिस्टर हाय. कोनं फसवलं तुले?"

ती साडी मी सुती म्हणून घेतली होती. मी म्हटलं, "चहा पिते का घेऊन जाऊ?"

तिनं कपातला अर्धा चहा बशीत ओतला, कप स्वतः घेतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "अर्धा तुले, अर्धा मले."

त्यानंतर पस्तीस वर्षं हेच चाललं. कोहळा अर्धा-अर्धा, भाजीची जुडी अर्धी-अर्धी, पेपरसुद्धा मधून वेगळा करून. कापताना मोठा तुकडा ती ठेवायची. मी बोलले की म्हणायची, "कापनारीचा हक्क असते." माझा नवरा गेला तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन गप्प बसली. तेवढं एकदाच तिनं तोंड बंद ठेवलेलं मला आठवतं. तिचं तोंड आवडायला मला बरीच वर्षं लागली.

पंडरीच्या कपडा बाजारात एका ठोक दुकानात ती साड्यांच्या घड्या घालायची. गिऱ्हाइकापुढे साड्यांचा डोंगर झाला की ती मागे बसून तो परत कपाटात बसवायची. हातांकडे ती बघायचीच नाही, तोंड कुणाशी तरी भांडत असायचं आणि साडी आपोआप घडीत यायची. एकदा तापानं पाच दिवस घरी होती. पाच दिवसांत तिनं घरातल्या चादरी, पडदे, माझ्या दोरीवरचे कपडे आणि शेवटी पावाच्या कागदी पिशव्यांच्या घड्या घातल्या. सहाव्या दिवशी तिच्या सुनेनंच तिला रिक्षात बसवून दुकानात पाठवलं.

मग म्हातारे शेठजी थकले. त्यांच्या सुनेनं गाद्या काढल्या, काचा लावल्या, साड्या गेल्या, टॉप आणि स्कर्ट आले. नव्या रायपूरच्या मोठ्या ऑफिसांतली माणसं गाड्या घेऊन यायला लागली. ही नवी शेठाणी वाईट नव्हती, पण तिनं सरळ सांगितलं, "सिंधूबाई, एक महीने में काम चलाने लायक इंग्लिश सीख लो. नहीं तो घर पे आराम करो."

सिंधू माझ्या ओट्यावर येऊन बसली. "आराम म्हने! मी घरी बसली तर आठ दिवसांत मरीन, रुखमे. अन् मी नाई मेली तर सून मरीन."

मी चौथी पास, ती दुसरी नापास. इंग्रजीत मात्र दोघी अगदी बरोबरीच्या. ती नातवाचं लहानपणीचं चित्रांचं पुस्तक घेऊन आली. पुढे फळं, भाज्या, जेवणखाण, मध्ये दुकान, मागे कपडे. तिनं पानं चाळली आणि म्हणाली, "एवढं सारं एका डोस्क्यात नाई मावत." पुस्तकाची शिवण दातात धरून एक चीर दिली आणि कापड फाडावं तसं चर्रर्र करून पुस्तकाचे दोन भाग केले. एक धागा इकडचा तिकडे गेला नाही.

"खायचं तुले, घालायचं मले."

"नोकरी तुही आहे. मी काहून शिकू?"

"मी एकटीच बोलीन तर उत्तर कोन देईन? भिंत?"

दुकानाचं चित्र नेमकं मधोमध आलं होतं. तेही फाटलं. दुकानदार तिच्याकडे गेला, पिशवी घेतलेली बाई माझ्याकडे आली. आम्हाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. अर्ध्या कोहळ्याची भाजी होते, तर अर्ध्या इंग्रजीचं काम का होणार नाही?

माझी सून रेखा रोज संध्याकाळी नावं वाचून दाखवायची आणि आम्ही चित्राखाली आपल्या अक्षरात लिहून घ्यायचो. रेखाला मराठी कळतं, पण ती बोलते हिंदीत. "मम्मी, आप लोग पागल हो गए हो," असं म्हणून ती रोज शिकवायला बसायची. माझ्या पानांवरची माणसं सकाळी पाव खात, दुपारी पाव खात, रात्री सूप पीत. भात एका कोपऱ्यात, वाटीभर. मी विचारलं, रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात त्या बासीला इंग्रजीत काय म्हणतात? रेखाला येईना. सिंधू म्हणाली, "ज्याले इंग्रजी नाव नाई ते इंग्रजाले देऊच नोको. आपन खाऊ."

तिच्या पानांवर लोकरीचे हातमोजे होते, गळपट्टा होता, गुडघ्यापर्यंत बूट होते. आम्ही हे वैशाखात शिकत होतो. कूलरपुढे बसून ती हातमोज्यांकडे बघायची आणि म्हणायची, "इथं कातडं काढून खुंटीले टांगावं वाटते अन् हे पोट्टं मोजे घालून राहिलं."

सराव करायला ती गच्चीवर जायची. तिथून सगळ्या पाऱ्याच्या दोऱ्या दिसतात. तिथून ती मोठ्यानं हजेरी घ्यायची: "मेश्रामचा ट्राउझर! मेश्रामचा शर्ट! मेश्रामचा..." पुढचा शब्द तिनं इतक्या जोरात म्हटला की मेश्राम गुरुजी बनियनवर बाहेर आले आणि दोरी आवरून घरात गेले. "व्हेस्ट!" सिंधू वरून म्हणाली. "गुरुजी, तुमी घातली ते व्हेस्ट!" मी खाली भाजी निवडत होते. हसून हसून मेथी सांडली.

महिना संपला. शेठाणी म्हणाली, शनिवारी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक दारापासून बिलापर्यंत इंग्रजीत सांभाळून दाखवा. सिंधूनं मला सांगितलं, "गिऱ्हाईक घरचंच असलेलं बरं. तू येजो. वळख दाखवू नोको."

मी गेले. चांगली साडी नेसून, पिशवी हातात धरून, चित्रातल्या बाईसारखी. सिंधू काचेच्या दारात उभी होती. तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा वाकून नमस्कार केला. "वेलकम, मॅडम! यू वाँट स्कर्ट? शर्ट? ट्राउझर? स्वेटर? रेनकोट?" तिनं अख्खं पान एका श्वासात संपवलं. मी म्हटलं, "यस." शेठाणीनं मान हलवली. तिथपर्यंत बरं चाललं होतं. मग सिंधूनं तो निळा ड्रेस काढला. नजरेनं माप घेणारी बाई, पण त्या दिवशी घाबरली आणि मला मीडियम देऊन गेली. मी मीडियम लग्नाआधी होते. आयुष्यभर साडी नेसलेली मी, तो ड्रेस ब्लाउज-परकरावरूनच डोक्यातून घातला. झिपेनं ब्लाउज पकडला आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

माझं 'पम्पकिन' ऐकून शेठाणी म्हणाली, "क्या चाहिए मैडम को?"

पम्पकिन माझ्या वाट्याचं होतं, सिंधूला त्याचा अर्थ माहीत नव्हता. पण गप्प बसेल ती सिंधू कसली! "कलर बोल रही हैं," ती बेधडक म्हणाली. थोड्या वेळानं शेठाणीनं शोधून दिलेला एक भोपळ्याच्या रंगाचा ड्रेस दारावरून आत आला आणि माझ्या उभ्या हातांवर दोरीवर पडावा तसा पडला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं. मला दिसत नव्हतं, नंतर कळलं, एक उंच गोरी बाई होती, नव्या रायपूरला कुठल्याशा संस्थेत काही महिन्यांसाठी आलेली. ती भराभरा इंग्रजी बोलायला लागली. सिंधू म्हणाली, "यस, मॅडम. स्कर्ट, मॅडम." बाई पुन्हा बोलली. त्यात मला एक शब्द ऐकू आला, माझ्या पानावरचा. लंच. पुन्हा म्हणाली, लंच.

लंच सिंधूच्या वाट्याचं नव्हतं. ती नुसतंच "स्कर्ट, मॅडम" म्हणत राहिली. शेठाणी ऐकत होती. आता ही घरी बसणार, घड्या घालणार, आठ दिवसांत मरणार. मी कापडातून जीव काढून ओरडले, "सिंधे! जेवली ते! दुपारी लय जेवली, पोट फुगलं तिचं! मोठा दे तिले, मोठा!"

"ओ!" सिंधू बाहेर किंचाळली. "लार्ज, मॅडम! एक्स्ट्रा लार्ज! व्हेरी गुड पोट, मॅडम!"

गोरी बाई खदखदून हसली आणि माझ्या दाराशी येऊन काहीतरी म्हणाली. मला वाटलं, काय जेवली ते सांगत असावी. मी विचारलं, "राईस?" ती म्हणाली, "यस, राईस!" मी म्हटलं, "चिकन?" ती म्हणाली, "चिकन!" मी म्हटलं, "एग? फिश? कर्ड? मँगो?" ती प्रत्येकाला यस म्हणत गेली. एकतर ती राक्षसासारखी जेवली होती, नाहीतर मजा घेत होती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी बोलणं. हात वर करून झालं.

शेठाणीचा आवाज आला. "सिंधूबाई, अंदर कौन है?"

"कस्टमर."

"कस्टमर आपको सिंधे बुलाती है?"

सिंधूला खोटं बोलायला आवडायचं, पण पकडली गेल्यावर ती ते ओढत बसायची नाही. "पड़ोसन है, मैडम. हमने इंग्लिश आधी-आधी ली है. खाने की उसके पास, कपड़े की मेरे पास."

"अन् मले काढा इथून!" मी आतून म्हटलं.

"थांब ना! गिऱ्हाईक आधी." आणि ती खरंच गेली. गोऱ्या बाईला तिनं एक स्कर्ट, दोन शर्ट आणि त्या उन्हाळ्यात एक रेनकोट विकला. मी तोवर आत भिजलेल्या पापडासारखी उभी होते. मग कुणीतरी म्हणालं, कात्रीनं ड्रेस कापून काढू. सिंधूनं कात्री हिसकावली. "कपड़े को कैंची नहीं लगेगी. बाई को लगी तो चलेगी." देवापुढची मेणबत्ती आणून तिनं झिपेच्या दातांवर घासली, माझ्या पाठीत गुडघा रोवला आणि झिप सर्रकन उघडली. मी बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले, खांद्यावर भोपळ्याचा ड्रेस. गोरी बाई टाळ्या वाजवत होती. शेठाणी स्टुलावर बसून पदरानं डोळे पुसत होती. तिला हसून बोलता येईना. शेवटी म्हणाली, "सिंधूबाई, कल से टाइम पे आना. अकेले."

सिंधूनं तिथे आणखी तीन वर्षं काम केलं. गिऱ्हाईक खाण्याचं काही बोललं की कोपऱ्यात जाऊन मला फोन करायची: "रुखमे, स्नॅक म्हंजे काय? तुह्या पानावर आहे का?" मी म्हणायचे, शिकून घे की आता. ती म्हणायची, "तुह्या वाट्याचं मी कायले शिकू?"

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दुकानातून आली, पाणी प्यायली, आडवी झाली, उठली नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात बुद्धवंदना चालली होती आणि मी तिच्याजवळ बसले होते. तिच्यावरच्या पांढऱ्या कापडाचा काठ मी दोन बोटांत धरून चोळला. पॉलिस्टर मिक्स होतं. कोनं फसवलं तुले, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. बायकांना वाटलं रडते आहे. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

तिच्या मुलानं तिच्या वाट्याची पानं मला आणून दिली. माझ्या पानांना लावून पाहिली. दुकानदार आणि पिशवीवाली बाई समोरासमोर आली, फाटलेलं कुठे दिसलं नाही. रेखा म्हणते, "मम्मी, अब पूरी सीख लो." वेळ आहे, डोळेही चालतात. तरी ती पानं मी वाचत नाही. मला भोपळा येतो. हातमोज्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

दुकानात त्या दिवशी दाराबाहेर सिंधू होती आणि आत मी. बाहेरची गेली. आतली आहे.