बिनपानी फूल आणि बापूंची नर्सरी

नर्सरीत किस्से जमवावे लागत नाहीत, रिकाम्या पिशव्यांसारखे कोपऱ्यात आपोआप साठतात. आमच्या बेलापूरच्या नर्सरीत मी कलमं बांधतो. मालक बापू. त्यांची सून गीता राजस्थानच्या वाळवंटातल्या बाडमेरची. लग्न होऊन आली, मराठी शिकली, पण माहेरचं म्हणून या अंगणात काहीच नव्हतं.

मग तिच्या वडिलांनी तिकडच्या एका रानफुलाच्या बियांची पुडी पाठवली. बी कसलं, काळी भुकटीच! गीता सांगत होती, फूल पिवळं, वीतभर, वाळूतून थेट वर येतं, पान एकही नाही.

"पानं न्हाईत? मग खातं काय?" बापू.

"दुसऱ्या झाडाच्या मुळावर जगतं."

"कुठल्या?"

गीता गोंधळली. "लहानपणी विचारलंच नाही."

*

बापूंनी निम्मी भुकटी वाटून टाकली. डाळिंबाच्या, गुलाबाच्या, लिंबाच्या मुळाशी. वर ड्रिप, खत, शेडनेट. आमच्याकडं कॅनॉलचं पाणी, त्यामुळं माया म्हणजे पाणीच. तुळशीकडं वळले तेव्हा त्यांच्या घरच्या काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या तुळशीला जळू लावता व्हय?"

काहीच उगवलं नाही.

*

एका कुंडीत नुसती वाळू होती, वर पाटी 'वाळवंटी फूल'. पुणतांब्याचं एक गिऱ्हाईक बराच वेळ ती न्याहाळत राहिलं. म्हणालं, "हेच द्या. आमच्या घरी समदं शेवटी असंच दिसतं."

*

उरलेली पुडी खिडकीत होती. खुरपणीच्या शांतामावशींनी मिश्री समजून दातांना लावली, थुंकल्या, आणि बाकीची कुंपणापलीकडं मारुतीच्या ओट्याजवळच्या रुईखाली झटकली. वर बापूंनाच ऐकवलं, "तुमची मिश्री नासलीया."

आम्ही हसलो. गीता हसली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि बापू कितीतरी दिवस तिच्या नजरेला नजर देत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्या वर्षी, होळीच्या आसपासचा शनिवार. मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं आणायला गेलेल्या शांतामावशी धावत परत आल्या. "बापू, रुईखाली कायतरी वर आलंय. नाग हाय का फूल, मला कळंना."

सगळे गेलो. वीतभर पिवळा तुरा, पान एकही नाही. गीता मातीतच बसली. हात लावेना, नुसते डोळे भरलेले.

बापू घाईघाईनं पाण्याचा पाईप ओढत आले. एका हातात खताचा डबा.

गीतानं पाईप धरला. "बापू, हात जोडते. याच्यासाठी काही करू नका."

बापूंनी पाईप खाली ठेवला. "पन मग हितं हे लावलं कुनी?"

शांतामावशी पानं खुडत म्हणाल्या, "मला काय ठावं? म्या तर हितं कचराच टाकते."