पामच्या रांगांत अठरा मिनिटं

पूर्व कांगोत शांतिसेनेत आमच्या कंपनीचं पोस्टिंग झालं, तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड नर्सिंग असिस्टंट. जवान मला डॉक्टर म्हणायचे.

कॅम्पच्या पूर्वेला पामतेलाचा एक जुना मळा होता. मालक केव्हाच सोडून गेलेले. झाडं जाड बुंध्याची, झावळ्यांच्या देठाला काटे. सगळी एका मापानं, सरळ रांगांत लावलेली. वर झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे भर दुपारी खाली अंधारल्यासारखं असायचं. कुठल्याही गल्लीत उभं राहा, चारी बाजूंना तेच दिसतं. पावसाळ्यात तांबड्या चिखलात जिप्सी रुतायची, म्हणून कंपनीला दोन मोटरसायकली होत्या. त्यातली एक नायक दशरथ गावडे चालवायचा. चंदगड तालुक्यातला. वय चौतीस. त्याच्या मागं बसून मी त्या मळ्यातून पंधरा-सोळा वेळा गेलो असेन. स्टँडिंग ऑर्डर एकच होती : मळ्यात थांबायचं नाही.

हे सगळं मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. रिटायर झाल्यावर कुवेतला आलो. अबू हलीफाला राहतो, एका तेल कंपनीच्या साइटवर फर्स्ट-एडचं काम बघतो. गेल्या महिन्यात एक फोन आला.

"काका, मी स्नेहल. दशरथ गावडेंची मुलगी. इथं कुवेत सिटीत, मिरकाबला अकाउंट्समध्ये आहे. राहण्याचा परवाना, इकामा, लागून चारच महिने झाले. इथल्या मराठी मंडळाच्या यादीत तुमचं नाव दिसलं, पुढं पलटणीचंही होतं. तुम्ही बाबांच्या बरोबर होतात ना?"

"होतो," मी म्हणालो. "शुक्रवारी घरी ये."

ती सकाळी दहाला आली. बायको चहा ठेवून आत गेली. स्नेहल म्हणाली, "पलटणीच्या पत्रात लिहिलं होतं, गोळी लागली आणि जागेवरच गेले. खरं आहे का?"

मी तिला सांगितलं ते असं.

सकाळी ०९४० वाजता बावीस किलोमीटरवरच्या पोस्टवरून रेडिओ आला. एका जवानाला मेंदूचा मलेरिया, झटके येतायत. ढगांमुळे हेलिकॉप्टर नाही. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी दोन वाक्यांत ऑर्डर दिली. "दोनों बाइक लेके जाओ. पंद्रह सौ तक वापस." पहिल्या गाडीवर दशरथ आणि औषधांची पेटी घेऊन मी. पन्नास मीटर मागं दुसऱ्या गाडीवर दोन जवान.

११५० ला पोचलो. क्विनीनची सलाइन लावली, झटके थांबले. तो जवान वाचला. परत निघालो तेव्हा १३१० झाले होते.

अर्ध्या वाटेवर एक बाई गल्लीत आडवी उभी होती. दोन्ही हात वर. तिच्यामागं, झाडाच्या बुंध्याशी एक माणूस पडलेला. पामचे घड काढताना लांब दांड्याचा कोयता सुटून मांडीवर आला होता. रक्त उसळत होतं.

"थांब," मी म्हणालो.

दशरथनं गाडी हळू केली, थांबवली नाही. "ऑर्डर नाही, डॉक्टर."

"पाच मिनिटं."

तो थांबला. मागची गाडीही थांबली. तिघं तीन दिशांना रायफली धरून उभे राहिले. मी मांडी आवळून बांधली. पेटीतली मोठी ड्रेसिंग्ज सगळी तिथं गेली. अठरा मिनिटं लागली. दशरथ एकदाच बोलला, "आवरा."

पुढं चार किलोमीटरवर ओढ्यावर ओंडक्यांचा पूल होता. तिथं डाव्या रांगांतून फायर आला. गाडी आडवी झाली, आम्ही दोघं पडलो. मला खरचटलं फक्त. दशरथच्या पोटात गोळी होती. मागच्या दोघांनी जवाबी फायर दिला. दोन-तीन मिनिटांत समोरचा फायर बंद झाला. ते कोण होते, आमची वाट बघत होते की त्याच वेळेला तिथं पोचले होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अठरा मिनिटं आधी तिथून गेलो असतो, तर काय झालं असतं, हेही नाही.

मी रेडिओ उचलला. "कॉन्टॅक्ट. वन कॅज्युअल्टी, सीरियस. ओव्हर."

"रीइन्फोर्समेंट वन आवर. होल्ड. ओव्हर."

पेटीत मोठं ड्रेसिंग नव्हतं. मी शर्ट काढून दाबून धरला. दशरथ शुद्धीवर होता. त्यानं पाणी मागितलं. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मी म्हणालो, थोडं थांब. त्यानं परत मागितलं. मी ओठ ओले केले. बाटली भरलेली होती, माझ्याच कमरेला. तो वाचणार नाही, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. तरीही दिलं नाही. १५३५ ला तो गेला. कुमक १५४५ ला आली.

स्नेहलनं विचारलं, "तो मांडी कापलेला माणूस?"

"वाचला. दोन महिन्यांनी काठी टेकत कॅम्पच्या गेटवर आला होता. डबा भरून तांबडं पामतेल घेऊन. मी बाहेर गेलो नाही. सेंट्रीनं घेतलं."

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर मशिदीकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती.

"थांबलात त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "बाबा थांबलेच असते. पण पाणी द्यायला पाहिजे होतं, काका."

"हो," मी म्हणालो. "द्यायला पाहिजे होतं."

तिनं डोळे पुसले. नंतर म्हणाली, "आईला मी सांगेन. फोन लावीन तेव्हा तुम्ही शेजारी बसा. ती विचारेल काहीतरी." मी बरं म्हणालो. चहा गार झाला होता, तरी तिनं तो पूर्ण संपवला. पुढच्या शुक्रवारी आम्ही चंदगडला फोन लावला. तिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "एकटे नव्हते ना ते?" मी सांगितलं, नव्हते. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

नायक दशरथ गावडे. उंची पाच फूट सहा इंच. सैन्यात यायच्या आधी गावातलं दूध कॅन बांधून मोटरसायकलवरून डेअरीला पोचवायचा, म्हणून चिखलात त्याची गाडी कधी घसरली नाही. नाष्ट्याला दोन अंडी मिळायची, त्यातलं एक रोज दुसऱ्याला द्यायचा. पत्रं पेन्सिलीनं लिहायचा. गाडीला किक मारायच्या आधी मान थोडी मागं वळवून विचारायचा, "बसलात का नीट?" मी हो म्हटल्याशिवाय त्यानं कधी क्लच सोडला नाही. त्या दिवशी, त्या बाईसमोरून निघतानाही नाही.