बर्फावरच्या बाई

आमच्या लॅबमधल्या वहिनी मेणाशी बोलतात. थट्टा नाही करत! पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणायचं. तो बर्फावर गार करायचा, मशीनला लावायचा आणि त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, हे वहिनींचं सव्वीस वर्षांचं काम. ब्लॉक नीट कापला जाईना की त्या म्हणणार, "अहो आजोबा, असं अंग चोरून कसं चालेल?" आणि नावावरून बाईमाणूस असेल तर, "बसा हो बाई जरा बर्फावर, लगेच घेते तुम्हाला."

मी शेजारच्या खोलीत बसून रिपोर्ट टाइप करतो. माझं डोकं तापायला निमित्त लागत नाही. "वहिनी, मेणाशी कसल्या गप्पा मारताय?" मी इकडून ओरडायचो.

"भावजी, तुम्ही प्रिंटरशी भांडता ते चालतं. मी माणसांशी बोलले की तुमच्या पोटात दुखतं."

आधी त्यांचे दीर या लॅबमध्ये होते, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी; बाकी आमचं नातं भांडणाचंच.

तर त्या मंगळवारची गोष्ट. खिडकीत एक मुलगी सकाळपासून उभी होती. आईचा रिपोर्ट हवा होता, दुपारी मोठ्या डॉक्टरांची वेळ होती. मी रिपोर्ट टाइप करून ठेवला होता, आमच्या डॉक्टरीणबाईंची सही तेवढी बाकी. लहान आतड्यातली गाठ. दुर्मिळ, भराभर वाढणारी, जातीचा पत्ता नाही. असा रिपोर्ट हातात पडला की पुढचे डॉक्टर वर्षं नाही, महिने मोजायला लागतात. एवढं मलाही कळतं. म्हणून मी त्या मुलीकडे बघतच नव्हतो.

गाठीची जात ओळखायला कापावर वेगवेगळी औषधं घालतात, त्यांना मार्कर म्हणतात. जात जुळली की पेशी तपकिरी होतात. या बाईंच्या सहा काचा, सहा मार्कर, आणि उपयोगी पडेल असा तपकिरी रंग एकाही काचेवर नाही. डॉक्टरीणबाईंनी काचा परत पाठवल्या. पेटीत लावताना वहिनी प्रत्येक काच एकदा मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "निरोप घेते," म्हणतात.

आणि एकदम आतून आवाज आला, "भावजी, तो रिपोर्ट देऊ नका!"

"का? आता काय झालं?"

"या बाईंना औषध लागलेलंच नाही!"

मी तिथे पोचेपर्यंत डॉक्टरीणबाईही धावत आल्या. वहिनी सहावी काच दाखवत होत्या. "हे बघा. आतड्यात थोड्या रक्षक पेशी प्रत्येकालाच असतात. गाठ कुठलीही असो, या मार्करने त्या तपकिरी व्हायलाच हव्यात. इथे आहेत, पण सगळ्या कोऱ्या!"

"अगं, पण काचेच्या वरच्या टोकाला, औषध चाललं का ते कळायला ठेवलेला दुसऱ्याचा तुकडा छान रंगलाय. तो बघूनच मी पुढे गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"औषध वर पोचलं, खाली बाईंच्या तुकड्यावर नाही. बुडबुडा बसला असणार," वहिनी म्हणाल्या. "हा 'नाही' म्हणजे 'नाही' नव्हे. आपण बाईंना विचारलंच नाहीये!"

हा मार्कर जुळला, तर गाठ गोळ्यांनी दबणारी. नाही जुळला, तर माझं टाइप केलेलं खरं.

पुन्हा करायचं तर काप हवा, आणि ब्लॉकमध्ये तुकडा उरला होता तिळाएवढा. दोन-तीन काप चुकले, की संपलं. मी खिडकीत गेलो आणि म्हणालो, "ताई, रिपोर्ट उद्या."

"काका, आजची वेळ चुकली तर पुढची दहा दिवसांनी आहे हो!" तिचा आवाज चिरकला.

"मग चुकू दे!" मी खेकसलो. का खेकसलो, देव जाणे. मलाच रडू येत होतं.

आत वहिनींनी पंखा बंद केला. नवीन पातं लावलं. "बसा बाई बर्फावर. आज नीट विचारते तुम्हाला." चाक फिरलं. पहिला काप गुंडाळून गेला! दुसरा फाटला! मी दाराची चौकट धरून उभा. तिसरा पातळ, अखंड निघाला. ब्रशच्या टोकावर उचलून त्यांनी तो कोमट पाण्यावर सोडला, अलगद काचेवर घेतला, आणि मग कुठे त्यांनी श्वास सोडला. ब्लॉकमध्ये आता नुसतं मेण होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरीणबाईंनी डोळा लावला आणि टेबलावर थाप मारली. "तपकिरी! गाठभर तपकिरी!" वहिनींनी लगेच स्वतः डोळा लावून खात्री केली. मी जुना रिपोर्ट टराटरा फाडला आणि नवा एका दमात टाइप केला. गाठ भराभर वाढणारी होतीच, ते वाक्य तसंच राहिलं. पण जात सापडली होती! डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून त्याच दुपारची वेळ मिळवली.

याला दोन वर्षं झाली. परवा खिडकीत तीच मुलगी आली, जुन्या रिपोर्टची प्रत मागायला. मी ओळखलं, ज्यांच्यावर खेकसलो ती माणसं मी विसरत नाही. "आई कशी आहे?" विचारायला जीभ रेटेना. ती बाजूला झाली. मागे एक ठणठणीत, जाडजूड बाई घाम पुसत उभ्या होत्या. "गोळ्या चालू आहेत. गाठ गेली नाही, पण गप्प बसलीय," त्या म्हणाल्या, "आणि मी खातेय!"

"वहिनी!" मी लॅब दणाणून सोडली. "बाहेर या! तुमच्या बर्फावरच्या बाई आल्यात!"

वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं माणूस अख्खं समोर उभं होतं. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोळे भरून आले, आणि हसत म्हणाल्या, "अगंबाई! केवढ्याशा होतात हो तुम्ही!"